वाट पाहणाऱ्यांचं भांडवल

ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड हॉट १००' या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 'टूल' या बँडचं 'फिअर इनॉक्युलम' हे गाणं शिरलं. क्रमांक अगदी तळाचा, ९३वा. पण गाणं दहा मिनिटांहून लांब होतं आणि इतकं लांब गाणं त्या यादीत त्याआधी कधी आलेलं नव्हतं. महिनाअखेरीस याच नावाचा अल्बम निघाला आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. टूलचा याआधीचा अल्बम होता २००६ सालचा. तेरा वर्षं नवा अल्बम न देणाऱ्याला बाजार विसरतो, असं पॉप संगीताच्या धंद्यात गृहीत धरलं जातं. इथे उलट घडलं. वर्षागणिक चाहत्यांची भूक वाढत गेली, आणि अल्बम आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती एकवटून बाहेर पडली. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे चाहत्यांच्या तोंडचं 'प्रोग', या संगीतप्रकारात नव्या अल्बमची आणि त्यामागून येणाऱ्या दौऱ्याची वाट पाहणं हा निव्वळ रिकामा काळ नसतो. ते एक प्रकारचं भांडवल असतं. माझं म्हणणं असं की गेल्या पन्नास वर्षांत हे भांडवल कुणाच्या ताब्यात आहे हे बदलत गेलं, आणि प्रोग अजून जिवंत असण्याचं मोठं कारण त्या बदलात आहे.

या संगीताशी फारशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, १९६९ साली 'किंग क्रिमझन' या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम आला, तिथपासून या प्रवाहाची सुरुवात मानतात. तीन मिनिटांचं, नाचता येईल असं गाणं हे रॉकचं माप होतं. प्रोगवाल्यांनी ते मोडलं. एकेक रचना पंधरा-वीस मिनिटांची झाली, तिच्यात उपविभाग आले, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातून आणि जॅझमधून उचललेले घाट आले, मात्रांची गणितं बदलली. पिंक फ्लॉइड या बँडचं 'मनी' हे गाणं बरंचसं सात मात्रांत चालतं. रूपक ताल ऐकलेल्या कानाला त्यात काही विशेष वाटणार नाही, पण चार मात्रांवर वाढलेला कान दचकतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सुटं गाणं मागे पडून अख्खा अल्बम हाच एकक बनला. असा अल्बम वर्षातून दोनदा निघत नाही. तो लिहायला, बसवायला, ध्वनिमुद्रित करायला वेळ आणि पैसा लागतो. म्हणजे वाट पाहायला लावणं हे या प्रकाराच्या घडणीतच आहे. प्रश्न एवढाच की त्या काळात बँडने जगायचं कशावर.

आज हा प्रश्न जास्त टोचतो, कारण स्ट्रीमिंगचं गणित लांब रचनांच्या विरोधात जातं. स्पॉटिफायवर एखादं गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं गेलं असं धरतात. तीन मिनिटांचं गाणं असो की वीस मिनिटांचं, मोजणी एकच. 'येस' या बँडची 'क्लोज टू दि एज' ही १९७२ सालची रचना जवळपास एकोणीस मिनिटांची आहे. तेवढ्या वेळात पॉप गायकाची पाच-सहा गाणी ऐकून होतात आणि मोजलीही जातात. या हिशेबात प्रोग बँड कायम तोट्यात. मग त्याची कमाई उरते दोन ठिकाणी. एक, ज्यांना अल्बम हातात हवा आहे, जाड पुठ्ठ्याच्या वेष्टनात, पुस्तिकेसह, शक्यतो आधी पैसे भरून हवा आहे, असे लोक. दोन, दौरा. आणि या दोन्हींचं इंधन आतुरता.

ही आतुरता नेहमी बँडच्या हाती होती असं नाही. सत्तरच्या दशकात ती रेकॉर्ड कंपनीच्या गल्ल्यात जमा व्हायची, आणि दौऱ्याचा उपयोगही वेगळा होता. पिंक फ्लॉइडने 'द डार्क साइड ऑफ द मून' मधलं संगीत १९७२ च्या सुरुवातीपासूनच ब्रिटनमधल्या कार्यक्रमांत वाजवायला घेतलं होतं. अल्बम आला मार्च १९७३ मध्ये. म्हणजे वर्षभर श्रोत्यांसमोर वाजवून, घासूनपुसून मग ते तबकडीवर गेलं. वाट पाहणारा श्रोता इथे नकळत तालमीचा साक्षीदार होता. त्याच वर्षी 'येस'ने नेमका उलटा प्रयोग केला. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा त्यांचा जोडअल्बम म्हणजे चार बाजू, प्रत्येक बाजूवर एकच रचना, सगळं मिळून ऐंशी मिनिटं. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली शास्त्रांविषयीची एक तळटीप वाचून गायक जॉन अँडरसन यांना ही कल्पना सुचली. एका तळटीपेतून ऐंशी मिनिटं काढणं हे प्रोगलाच शोभतं. केवळ आगाऊ मागणीच्या जोरावर ब्रिटनमध्ये 'गोल्ड' ठरलेला हा पहिला अल्बम. म्हणजे लोकांनी ऐकण्याआधीच तो यशस्वी झाला होता. दौरा मात्र नोव्हेंबरमध्ये, अल्बम दुकानांत येण्याआधी सुरू झाला आणि समोरच्या प्रेक्षकाला अनोळखी, गुंतागुंतीचं संगीत तासभर मुकाट ऐकावं लागलं. पुढे दौऱ्यातच त्यातला एक भाग गाळला गेला. किबोर्डवादक रिक वेकमन यांना हे सगळं पटलेलं नव्हतं. मँचेस्टरच्या कार्यक्रमात करायला काही नाही म्हणून रंगमंचावरच करी मागवून खाल्ल्याचा किस्सा ते आजही रंगवून सांगतात. १९७४ मध्ये त्यांनी बँड सोडला. आतुरता जितकी मोठी तितका भ्रमनिरास मोठा, असा धडा यातून काढतात. मला त्यात दुसरंही काही दिसतं. आगाऊ मागणीचा आकडा दुकानदारांकडून कंपनीपर्यंत पोचला होता, पण मागणी करणारी माणसं कोण, त्यांना काय हवं, हे बँडला कळायला काहीच मार्ग नव्हता. पैसा पुढे सरकला, संबंध जुळला नाही.

तो संबंध जुळवून दाखवला 'मॅरिलियन'ने. इंग्लंडमधल्या एल्सबरी या गावचा हा बँड १९७९ मध्ये सुरू झाला. नाव टॉल्किन या लेखकाच्या 'द सिल्मरिलियन' या पुस्तकावरून घेतलं, मग छाटलं. 'फिश' या टोपणनावाच्या धिप्पाड स्कॉटिश गायकासोबत १९८५ साली त्यांचा 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातलं 'केली' हे गाणं दुसऱ्या. १९८८ मध्ये फिश बाहेर पडला. पुढच्या वर्षी गायक म्हणून स्टीव्ह होगार्थ आले आणि स्टीव्ह रॉथरी, पीट ट्रेवावास, मार्क केली, इयन मोझली यांच्यासह हाच संच तेव्हापासून आजवर टिकला. विक्री मात्र उतरत गेली. १९९५ मध्ये ईएमआय या बड्या कंपनीने करार संपवला. जुना गायक गेलेला, कंपनी गेलेली, रेडिओला रस नाही. अशा अवस्थेत बहुतेक बँड विरघळतात किंवा जुनी लोकप्रिय गाणी वाजवत गावोगाव फिरतात.

१९९७ मध्ये 'धिस स्ट्रेंज एंजिन' हा अल्बम आला तेव्हा अमेरिकेतले चाहते दौऱ्याची वाट पाहत होते. मार्क केली यांनी इंटरनेटवर सरळ सांगितलं की येणं परवडत नाही, दौऱ्यात सुमारे साठ हजार डॉलरचा खड्डा पडेल. यावर चाहत्यांनी जे केलं ते तेव्हा कुणाच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी आपणहून खातं उघडलं, एकमेकांकडून वर्गणी गोळा केली आणि जवळपास तेवढी रक्कम उभी केली. दौरा झाला. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हे बँडने मागितलेलं नव्हतं. ज्यांना आपण तिकीट घेणारे, दारात उभे राहणारे लोक समजतो, त्यांनी दौऱ्याचं अर्थकारण स्वतः हातात घेतलं. 'क्राउडफंडिंग' या कल्पनेचा इतिहास सांगताना हे उदाहरण आज सर्रास दिलं जातं. किकस्टार्टर २००९ साली सुरू झालं, त्याच्या बारा वर्षं आधीची ही घटना.

पुढचं पाऊल बँडने उचललं. २००१ च्या 'ॲनोरॅकनोफोबिया'साठी त्यांनी चाहत्यांना विचारलं, अजून ध्वनिमुद्रण सुरूही न झालेला अल्बम आधी पैसे भरून घ्याल का? बारा हजारांहून अधिक लोकांनी पैसे भरले. मराठी वाचकाला यात अगदी अनोळखी काही वाटू नये. मोठा ग्रंथ किंवा अनेक खंडांचा संच काढायचा तर प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतो, नोंदणीच्या पैशातून कागद-छपाईचा भार हलका होतो आणि वाचक महिनोन्महिने टपालाची वाट पाहतो. फरक एवढाच की प्रकाशकाकडे बहुधा हस्तलिखित तरी तयार असतं. मॅरिलियनकडे होता फक्त शब्द. विशेष आवृत्तीच्या पुस्तिकेत आगाऊ पैसे भरणाऱ्यांची नावं छापली गेली. आणि खरी गंमत पुढे आहे. एवढी नोंदणी हाती असल्यावर बँड पुन्हा ईएमआयकडे गेला, तो प्रसिद्धी आणि वितरणापुरता करार करायला. संगीताची मालकी त्यांनी स्वतःकडे ठेवली. ज्या कंपनीने सहा वर्षांपूर्वी दार दाखवलं, तिच्यासमोर आता ते बारा हजार आगाऊ पावत्या घेऊन बसले होते. सौद्याचं वजन बदललं ते वाट पाहणाऱ्यांमुळे. २००४ च्या 'मार्बल्स'च्या वेळीही आगाऊ नोंदणीचा पैसा प्रसिद्धीच्या कामी आला आणि 'यू आर गॉन' हे गाणं ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. इतकं वरचं स्थान या बँडच्या गाण्याला १९८७ नंतर मिळालं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप असा की चाहत्यांच्या पैशावर चालणारा बँड चाहत्यांच्या मुठीत जातो. आधीच पटलेल्या लोकांसाठी तेच ते संगीत पुन्हा बनतं, नवा श्रोता येत नाही आणि सगळा व्यवहार एखाद्या मंडळासारखा बंदिस्त होतो. यातला अर्धा भाग खरा आहे. मॅरिलियनचा 'ॲन अवर बिफोर इट्स डार्क' २०२२ साली ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला, पण याचा अर्थ तो देशात सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या दोन अल्बमांपैकी एक होता असा मुळीच नाही. निष्ठावंतांची आगाऊ खरेदी एकाच आठवड्यात मोजली जाते, म्हणून आकडा फुगतो आणि पुढच्याच आठवड्यात घसरतो. अशा क्रमांकांवरून लोकप्रियतेचे निष्कर्ष काढणारे स्वतःची फसवणूक करतात. पण मुठीत जाण्याची गोष्ट तर्काला टिकत नाही. एकाच कंपनीचा पैसा असेल तर तिचा एक अधिकारी रेडिओवर चालेल असं छोटं गाणं द्या म्हणून अडून बसू शकतो. बारा हजार माणसांनी थोडे थोडे पैसे भरले असतील तर त्यांतला कुणी एकटा काही बजावू शकत नाही, आणि सगळे मिळून एकच मागणी करतील इतकं त्यांचं आपसात कधी पटत नाही. फिशच्या काळातलंच संगीत खरं मानणारे आणि होगार्थच्या बाजूचे यांच्यातले वाद दशकानुदशकं चालू आहेत. प्रत्यक्ष पुरावाही पाहावा. 'ॲनोरॅकनोफोबिया' हा जुन्या चाहत्यांना गोंजारणारा अल्बम नव्हता, त्यात ठेक्यावर बेतलेले, त्या काळच्या ब्रिटिश संगीताकडे झुकलेले प्रयोग होते. २०१६ च्या 'एफ.ई.ए.आर.' मध्ये तीन दीर्घ, बहुखंडी रचना होत्या आणि विषय होता पैसा, सत्ता, इंग्लंडचं बदलतं मन. आठवणींवर जगणारा बँड असा अल्बम काढत नाही. हा अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला.

दुसरा आक्षेप पैशांच्या सुरक्षिततेचा. तो जास्त गंभीर आहे, कारण तो कल्पनेतला नाही. याच 'एफ.ई.ए.आर.'ची आगाऊ नोंदणी 'प्लेजम्युझिक' या संकेतस्थळावरून झाली होती. कलाकार आणि चाहते यांच्यामध्ये उभी राहून पैसे गोळा करणारी ही कंपनी २००९ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये बुडाली. अनेक कलाकारांना त्यांच्या नावाने जमलेले पैसे मिळाले नाहीत, आणि ज्यांनी पैसे भरले त्यांच्या नजरेत तोंड काळं झालं ते कलाकारांचं. १९९७ मधल्या वर्गणीत ही जोखीम नव्हती असं नाही, पण तिथे खातं ओळखीच्या माणसांच्या हाती होतं आणि हेतू एकच होता. मध्यस्थ आला की आतुरतेचा पैसा दुसऱ्याच कुणाचं खेळतं भांडवल होतो, सत्तरच्या दशकातल्यासारखाच, फक्त कंपनीचं नाव बदलतं. मॅरिलियनने २०२१ मध्ये केलेली व्यवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचा दौरा ठरला होता. बँडमधल्या किंवा सोबतच्या एकालाही कोविड झाला तर दौरा थांबणार, सुमारे दीड लाख पौंडांचा खर्च अंगावर येणार आणि अशा नुकसानीचा विमा मिळत नव्हता. तेव्हा त्यांनी चाहत्यांनाच विमाकर्ते व्हायला सांगितलं. पैसे भरा, ते त्रयस्थाकडे राहतील, दौरा नीट पार पडला तर परत मिळतील, अडला तर नुकसान त्यातून भरून निघेल. दौरा पार पडला. १९९७ ची भाबडी वाटणारी वर्गणी चोवीस वर्षांत किती हिशेबी झाली होती, हे यातून दिसतं. पैसे कुठे राहतील आणि कोणत्या अटीवर परत येतील, हे आधीच लिहिलेलं होतं.

तिसरा आक्षेप असा की आतुरतेचं एवढं स्तोम कशाला, न सांगता तयार झालेला अल्बमही चालतोच की. 'पॉर्क्युपाइन ट्री' हे त्याचं उदाहरण. २००९ च्या 'दि इन्सिडंट' नंतर बँड थांबला, सूत्रधार स्टीव्हन विल्सन स्वतंत्र अल्बम काढत राहिले आणि बँड परत येईल ही आशा बहुतेकांनी सोडली होती. २०२२ मध्ये 'क्लोजर/कंटिन्युएशन' आला, ज्यावर तिघे जण अधूनमधून कित्येक वर्षं गुपचूप काम करत होते. पण हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. काम गुपचूप करता आलं, कारण विल्सन यांची स्वतंत्र कारकीर्द त्यांना पोसत होती. ज्या बँडला दुसरा चुलाच नाही, त्याला ही चैन परवडत नाही. शिवाय आशा सोडणं आणि विसरणं यांत फरक आहे. 'रश' या कॅनडियन बँडने ऑगस्ट २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला शेवटचा कार्यक्रम केला, जानेवारी २०२० मध्ये ड्रमर नील पर्ट यांचं निधन झालं, आणि तिथे सगळं संपलं असं चाहत्यांनी मानलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये बँडमधल्या उरलेल्या दोघांनी, गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन यांनी, जर्मन ड्रमर ॲनिका निलेस यांना घेऊन २०२६ च्या दौऱ्याची घोषणा केली तेव्हा मागणी इतकी उसळली की कार्यक्रमांची संख्या वाढवावी लागली. नवा अल्बम नाही, जुना ड्रमर नाही, तरीही. दहा वर्षं कुणी मोजत नसलेलं काहीतरी साठत होतं.

स्टीव्हन विल्सन यांचं नाव आलंच आहे, तर महाराष्ट्राशी असलेला त्यांचा धागाही सांगायला हवा. पॉर्क्युपाइन ट्रीने थांबण्याआधी, डिसेंबर २००९ मध्ये, पवईच्या आयआयटीत 'मूड इंडिगो' महोत्सवात कार्यक्रम केला होता. विल्सन पुढे २०१६ मध्ये पुण्याच्या 'एनएच७ वीकेंडर'मध्ये आले. दोन्ही भारतभेटींमध्ये बोलावणारा महोत्सव होता, ही गोष्ट इथे कळीची आहे. आपल्याकडचा प्रोग श्रोता अल्बमची वाट पाहतो ती खात्रीने आणि दौऱ्याची वाट पाहतो ती जवळपास आशेविना, कारण इथला कार्यक्रम दौऱ्याचा भाग नसतो, तो एखाद-दुसऱ्या शहरापुरता असतो. वाद्यं, ध्वनियंत्रणा, दिवे आणि तंत्रज्ञ इतक्या लांब आणण्याचा खर्च अमेरिकेत अनेक शहरांवर वाटला जातो. इथे तो एका रात्रीवर पडतो, म्हणून प्रायोजकावाचून आणि महोत्सवाच्या मोठ्या गर्दीवाचून तो भागत नाही. १९९७ सालचे अमेरिकी चाहते आणि आजचे मुंबई-पुण्याचे चाहते एकाच पेचात आहेत असं वरवर वाटतं, पण वर्गणीची युक्ती जशीच्या तशी इथे चालणार नाही. तिथे तूट भरायची होती, इथे सगळाच खर्च उभा करायचा आहे. मॅरिलियननेच शोधलेला दुसरा मार्ग इथल्या परिस्थितीला अधिक जवळचा वाटतो. २००२ पासून ते 'मॅरिलियन वीकेंड' भरवतात. नेदरलँड्समधल्या पोर्ट झेलांदसारख्या ठिकाणी तीन रात्री, रोज वेगळी गाणी, आणि जगभरातून चाहते तिथे येतात. बँडने देशोदेशी फिरण्याऐवजी चाहत्यांनी एका जागी जमायचं. मुंबईहून ॲमस्टरडॅमचं विमानाचं तिकीट स्वस्त नाही, पण त्याचा खर्च एका माणसाला स्वतःच्या बळावर ठरवता येतो, त्यासाठी कुठल्या प्रायोजकाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.